ते टोक खरं होतं, सुजाता

सुजाता,

तुझ्या खुर्चीवर अजून कोणी बसलेलं नाही. यात भावनेचा भाग काही नाही. तिचं एक चाक निखळलंय आणि बसलं की माणूस डावीकडं कलतो. दिवाळीनंतर तू म्हणाली होतीस, ‘मीच बसवते, तू हात लावू नकोस.’ मी हात लावला नाही. तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. ऑफिस चौथ्या दिवशीच उघडलं, कारण एका पंपाच्या कारखान्याचं काम द्यायचं होतं. दिलं. फार चांगलं झालं नाही, पण दिलं.

शोकसभेत मला दोन शब्द बोला म्हणाले. बोललो. हुशार होती, कामाला वाघ होती, नेसरीसारख्या गावातून येऊन कोल्हापुरात स्वतःचं ऑफिस उभं केलं, असलं सगळं. त्यात खोटं काही नव्हतं. पण तू समोर असतीस तर दुसऱ्याच वाक्याला म्हणाली असतीस, “व्हय, फुडं बोल की.” तुझा नवरा प्रदीप पहिल्या रांगेत बसून मान हलवत होता. मला पुढचं बोलता आलं नाही. ते इथं लिहितो.

उद्यमनगरातल्या लेथच्या वर्कशॉपवर आपल्या दोन खोल्या. खाली मोठा जॉब चढला की वर आपले मॉनिटर थरथरायचे. आपण काय काम करतो हे तुझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. तू तिला सांगायचीस, “आई, यंत्राचे भाग कॉम्प्युटरवर जोडायचे, पळवायचे आणि खरं यंत्र मोडायच्या आधी कुठं मोडंल ते सांगायचं.” ती म्हणायची, “म्हंजे जोतिषी.” तू म्हणायचीस, “जोतिष्यापेक्षा वंगाळ. आमचं चुकलं तर लगेच कळतंय.”

दोन भाग सांध्यानं पक्के जोडलेले असले की आपलं काम सोपं. बिजागरीसारखं. अवघड होतं ते एक भाग दुसऱ्याला लागतो, सुटतो, परत लागतो, घासतो, आपटतो तिथं. तुला आयुष्यभर तेवढ्याच एका गोष्टीचं वेड होतं. दोन वस्तू एकमेकींना टेकतात त्या क्षणी नेमकं काय होतं.

आपलं पहिलं काम आपल्याला कोणी दिलेलं नव्हतं, ते तू उकरून काढलंस. कबनूरला माझ्या घरी आलीस, बाबांचे माग चालू होते, आणि तू तासभर एका मागाच्या फ्रेमवर तळहात ठेवून उभी राहिलीस. धोटा इकडून तिकडं पळतो, सूत ओढत नेतो. पिकर त्याला फटका मारतो आणि पलीकडची पेटी त्याला अडवते. एवढीच गोष्ट. तू मोबाइलवर चित्रण करून ते पुन्हा पुन्हा हळू करून बघितलंस. पेटीत गेल्यावर धोटा लगेच थांबत नाही, दोनदा मागं उसळतो, हे तूच मला दाखवलंस. मी त्या घरात जन्मलो, मला ते ठाऊक नव्हतं.

तीन आठवडे आपण त्याचं मॉडेल केलं. मग लॅपटॉप घेऊन बाबांना दाखवायला गेलो. धोट्याला फटका बसला, तो पळाला, पलीकडच्या पेटीत शिरला, पेटीच्या भिंतीतून आरपार गेला आणि पडद्याच्या कडेबाहेर निघून गेला. बाबांनी चष्मा वर केला.

“कुठं गेला गं?”

“गेला की, काका.”

“नेसरीला पोचला असंल. आईला फोन लाव, आमचा धोटा आलाय काय बघा म्हणावं.”

तू हसत सुटलीस. मला मात्र लाज वाटली होती, हे तुला कधी बोललो नाही. चूक साधी होती. कॉम्प्युटर काळाचे तुकडे पाडून हिशेब करतो. एका तुकड्यात धोटा भिंतीच्या अलीकडं होता, पुढच्या तुकड्यात पलीकडं. मधे भिंत होती हे त्याला कळलंच नाही. तुकडे बारीक केल्यावर धोटा पेटीत राहायला लागला. त्या दिवशी बाबांनी तुला सोडलं नाही. “दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं आणि मग जायचं,” म्हणाले. ताटावर बसूनही आपलं भांडण चालू होतं, आणि ते भांडण नंतर पंधरा वर्षं पुरलं.

माझं म्हणणं बहुतेक सगळ्यांचं असतं तेच. भिंतीच्या जागी एक कडक स्प्रिंग आहे असं धरायचं. धोटा भिंतीत केसभर घुसू द्यायचा. जितका घुसेल तितक्या जोरानं त्याला मागं ढकलायचं.

“लाकूड भिंतीत घुसतं व्हय रे?” तू विचारलंस.

“केसभर.”

“केसभर तरी का?”

“न्हायतर किती जोरानं ढकलायचं हे कळणार कसं?”

“म्हंजे आधी खोटं धरायचं, मग त्या खोट्यावरनं खरं काढायचं.”

“खोटं बारीक असलं की चालतंय.”

“किती बारीक, ते कोण ठरवणार? तू?”

बाबा म्हणाले, “आमटी निवायलीया.”

तुला एकही वस्तू दुसऱ्या वस्तूत शिरू द्यायची नव्हती. टेकलं की टेकलं, त्या क्षणी वेग एका झटक्यात बदलतो, एवढंच धरायचं आणि त्यावर सगळा हिशेब उभा करायचा. तसा प्रोग्राम तू स्वतः लिहायला घेतलास. सुट्टीच्या दिवशी, प्रदीप शाळेच्या वह्या तपासत बसायचा तेव्हा शेजारी बसून. घर्षण आणलं की तो अडायचा. कधी एकाच प्रश्नाला दोन उत्तरं निघायची, कधी एकही नाही. मी चिडवायचो. तू म्हणायचीस, “उत्तर न्हाय म्हंजे आपण प्रश्न वाकडा इचारलाय.” तो प्रोग्राम अजून अडलेलाच आहे. तू जिंकलीस की मी, हे ठरलं नाही. मला अजूनही वाटतं की माझंच बरोबर होतं, आणि हे तुझ्यामागं म्हणतोय याचं वाईट वाटतं.

आता ट्रॉलीचं.

एमआयडीसीतल्या त्या कारखान्याच्या मालकांना आपण मालकच म्हणायचो. ऊस वाहणारी ट्रॉली, ती ओढायचा नवा दांडा म्हणजे ड्रॉबार, आणि ट्रॅक्टरच्या हुकाला ट्रॉलीची कडी अडकवणारी पिन. प्रश्न एकच होता. भरलेली ट्रॉली घाटाच्या उतारावर असताना ड्रायव्हरनं ब्रेक मारला तर ती पिन टिकेल का? मी मॉडेल केलं. पिन आणि कडी मी पक्क्या सांध्यानं जोडली, मधे काही ढिलेपणा नाही असं धरून. तसं करणं गुन्हा नाही, पुष्कळदा तेवढं पुरतं. पण तू पहिल्याच दिवशी बोट ठेवलंस. कडीचं भोक पिनेपेक्षा मोठं असतं, असावंच लागतं, नाहीतर वळणावर ट्रॉली वळायची नाही. त्या मोकळ्या जागेला सगळे मेस्त्री ‘प्ले’ म्हणतात. ब्रेक लागला की ट्रॉली पुढं ढकलते, कडी पिनेच्या एका बाजूकडून सुटते आणि दुसऱ्या बाजूवर येऊन आदळते.

“घण बसल्यागत बसतंय ते,” तू म्हणालीस. “कॉन्टॅक्ट लावून बघ.”

मी म्हणालो, बघतो. सोमवारी रिपोर्ट द्यायचा होता. शनिवारी तू मावसभावाच्या साखरपुड्याला नेसरीला गेलीस.

त्या शनिवारी दुपारी मी कॉन्टॅक्ट लावून बघितला, सुजाता.

हे मी तुला कधीच सांगितलं नाही. पिन आणि कडीमध्ये प्ले धरला, ब्रेक लागतो ते काही सेकंद चालवले, आणि पिनेवरच्या जोराचा ग्राफ बघितला. सगळीकडं रेघ आधीसारखीच होती. फक्त एका जागी ती सरळ वर गेली होती, सुईच्या टोकासारखी, आणि तितक्याच सरळ खाली आली होती. आधीच्या जोराच्या जवळजवळ चौपट.

अशी टोकं आपण पुष्कळ बघितली होती. स्प्रिंग फार कडक धरली, काळाचे तुकडे जाड राहिले, की असली खोटी टोकं निघतात. खरं की खोटं हे तपासायची रीत तूच घालून दिली होतीस. तुकडे निम्मे करायचे, स्प्रिंग बदलायची, पुन्हा चालवायचं. टोक हललं तर खोटं, जागेवर राहिलं तर खरं. त्याला दोन दिवस लागले असते. मी तपासलं नाही. मी डॅम्पिंग, म्हणजे धक्का शोषून घेणारा आकडा, वाढवलं, वरून फिल्टर लावला, टोक खाली बसलं. मग वाटलं, ही फाईल राहिली तर तू बघशील, आणि बघितलीस की सोमवार गेला. म्हणून ती पुसली. त्यानंतर खाली जाऊन चहा प्यायलो, एवढंसुद्धा आठवतंय.

सोमवारी तू विचारलंस, “लावून बघितलास काय?”

मी म्हणालो, “वेळच मिळाला नाही.”

“मग प्ले धरलेला न्हाय म्हणून रिपोर्टात घाल.”

“घातलंय.”

घातलं होतं. शेवटून दुसऱ्या पानावर, एका ओळीत. तू ते पान उघडून ओळ वाचलीस, आणि सही केलीस.

हंगामात पहिल्या काही ट्रॉल्या चाचणीसाठी दिल्या, त्यातली एक चंदगड भागातल्या तुकाराम नावाच्या ड्रायव्हरकडं होती. उतारावर पिन तुटली. ड्रॉबार खाली पडून रस्त्यात रुतला, ट्रॉली आडवी झाली, त्यानं उडी मारली आणि उसाच्या मोळ्यांखाली त्याचा डावा पाय सापडला. मालकांचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. आपण तुझ्या गाडीतून गडहिंग्लजला गेलो. तू दवाखान्यात गेलीस. मी म्हणालो, मी पिन बघून येतो, आणि ती ठेवली होती त्या गॅरेजकडं गेलो. आपलं असंच ठरलंय असं तुला वाटलं असेल, एकानं माणसाकडं जायचं आणि एकानं यंत्राकडं. खरं तर मला त्याच्यासमोर जायचं नव्हतं.

पाय वाचला, पण गुडघा पुन्हा नीट वाकला नाही. ट्रॅक्टरचा क्लच दाबणं त्याला जमेना. ड्रायव्हरकी संपली.

मालकांच्या केबिनमधला तो दिवस तुला आठवत असेल. मेलेल्या माणसाला काय आठवतं मला माहीत नाही, पण बोलायची सवय मोडत नाही. मालकांनी तुटलेल्या पिनेचे दोन तुकडे टेबलावर ठेवले होते. पिना एका छोट्या वर्कशॉपमधून यायच्या, त्यांनी कडक करताना गडबड केली असणार असं मालकांनी जवळजवळ ठरवलंच होतं. त्या वर्कशॉपवाल्याला पुढच्या आठवड्यात बोलावणार होते. ते माझ्याकडं बघून म्हणाले, “तुमचा रिपोर्ट तर ओके होता. मग पिनच खराब. बरोबर का न्हाय?”

मी मान हलवायच्या बेतात होतो.

तू म्हणालीस, “मालक, पिन चांगली हाय. मी तिचा कडकपणा तपासून आणलाय. आमचं मॉडेल कच्चं व्हतं. कडीतला प्ले आम्ही धरला न्हाय.”

“धरला न्हाईसा? का?”

“वेळ न्हवता असं म्हणता आलं असतं. खरं मी तशी सही करायला नको व्हती.”

मालक म्हणाले, “बाई, एवढं खरं बोलून तुमी धंदा कसा करणार?”

“बघू की.”

त्यांनी आपल्याला जवळजवळ बाहेरच काढलं. जिना उतरताना मी तुझ्यावर ओरडलो. आपल्याला कळण्याचा काही मार्गच नव्हता, असं म्हणालो. तू म्हणालीस, “कळत व्हतं, सन्म्या. आपल्याला दोघांनाबी कळत व्हतं. बघितलं न्हाय एवढंच.” हे वाक्य तू सरळ मनानं बोललीस. मी जिन्याचा कठडा धरून उभा राहिलो. त्या वेळी सांगायला हवं होतं. त्यापेक्षा योग्य वेळ पुन्हा आली नाही.

त्यानंतरचे दोन महिने मला तुझ्याबरोबर केलेल्या कामातले सगळ्यात चांगले वाटतात, आणि तसं वाटणं बरोबर नाही हेही कळतं. साखर कारखान्याच्या वजनकाट्यासमोर ट्रॅक्टरांची रांग लागायची. तू हातात व्हर्नियर घेऊन एकेका ट्रॉलीची कडी मोजत फिरायचीस, मी आकडे लिहायचो. ड्रायव्हर लोक उसाच्या सावलीत बसून मजा बघायचे.

“काय मोजतासा, ताई?”

“ढिलेपणा.”

“त्यो तर सगळीकडंच हाय की!” म्हणून एकजण हसला, आणि तूही. त्यानं चहा दिला. मग तोच उठून आपल्या ट्रॉलीची पिन काढून दाखवायला लागला, बाकीचे मागून आले. झिजलेल्या कड्यांत तर नव्या कडीच्या दुप्पट प्ले होता. कुठलाही रिपोर्ट हे सांगत नाही.

ते आकडे घालून तू कॉन्टॅक्टचं मॉडेल चालवलंस. एकेक रन चार दिवस चालायचा. तुकडे निम्मे केलेस, पुन्हा निम्मे केलेस, स्प्रिंग बदललीस, तुझ्या अडलेल्या प्रोग्राममध्येही घर्षण न धरता चालवून बघितलंस. टोक जागेवरून हललं नाही. एका दुपारी तू मॉनिटर माझ्याकडं वळवलास. मी ते टोक लगेच ओळखलं. तीच जागा, जवळजवळ तीच उंची.

तू म्हणालीस, “बघ. हे त्या येळी काढलं असतं तर.”

मी म्हणालो, “हं.”

फक्त हं.

तुझ्या त्या कामावरून मालकांनी ड्रॉबार बदलला. कडीच्या भोकात झिजल्यावर बदलता येणारं कडं, म्हणजे बुश, आलं, मागं रबराचा बफर आला, पिन जाड झाली. त्यांनी आपल्याला परत बोलावलं, आणि नंतर प्रत्येक कामाला आधी तुला विचारायचे, “बाई, ह्यात काय धरलं न्हाईसा ते पयलं सांगा.” तो हुक आज किती ट्रॉल्यांना आहे मला माहीत नाही. रस्त्यात उसाची ट्रॉली पुढं असली की मी अजूनही ओव्हरटेक न करता थोडा वेळ तिच्यामागून जातो.

पुढं वर्षं गेली. काम वाढलं, बाबा गेले, तुला पांढरे केस आले आणि तू ते रंगवले नाहीस. सांगायचं राहून गेलं, असं लिहिणं सोपं आहे, पण तसं झालं नाही. राहून काही जात नाही. मी दरवेळी न सांगायचं ठरवलं. एकदा तू मला म्हणाली होतीस की एवढ्या वर्षांत मी तुला कधी फसवलं नाही, म्हणून आपली भागी टिकली. त्यानंतर तर ते अशक्यच झालं.

मग स्वादुपिंडाचा कॅन्सर. पाच महिने. तू तो आजार एखाद्या वाईट क्लायंटसारखा हाताळलास, त्याचे कागद नीट फाईल करून. शेवटच्या आठवड्यात मी दुपारी दवाखान्यात आलो, तेव्हा तू उशीला टेकून पंपाच्या कामाचा ग्राफ मोबाइलवर बघत होतीस. आवाज बारीक झाला होता.

“इथं व्हॉल्व्ह सीटवर दोनदा आपटतोय. दुसरी आपट खरी न्हाय वाटत. तुकडे बारीक कर.”

“करतो.”

तू मोबाइल खाली ठेवलास. “काय रे? असा त्वांड पाडून का बसलाईस? काय सांगायचंय काय?”

खोलीत आपण दोघंच होतो. प्रदीप औषधं आणायला गेला होता. खिडकीतून खालच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

मी म्हणालो, “न्हाय. गाडी चुकीच्या ठिकाणी लावलीय, काढून येतो.”

गाडी बरोबर ठिकाणी होती. मी खाली जाऊन अर्धा तास तिच्यात बसलो. वर आलो तेव्हा तू झोपली होतीस. दोन दिवसांनी तू गेलीस.

तेराव्यानंतर प्रदीपनं मला तुझा फोन दाखवला. चंदगडच्या तुकारामचे त्यावर मिस्ड कॉल होते. प्रदीप म्हणाला, “त्याला अजून कळलेलं दिसत नाही. मला फोनवर सांगवत नाही. तू जाऊन येशील का? तुझी ओळख असेलच.” मी हो म्हणालो. माझी ओळख नव्हती. तो दवाखान्यात होता तेव्हा मी गॅरेजमध्ये होतो.

परवा गेलो. त्याचं घर डोंगराच्या कडेला आहे, मागं काजूची झाडं. पडवीत तो काजू फोडायच्या यंत्रावर बसला होता. पायानं पेडल दाबायचं, पाती जवळ येतात, टरफल उकलतं, गर बाहेर. बायको शेजारी गर निवडत होती. मी नाव सांगितलं. त्यानं मान डोलावली.

“ताईंच्या हापिसातलं. या, बसा. ताई कवा येत्यात? हंगाम संपत आला, अजून आल्या न्हाईत म्हणून फोन लावत हुतो.”

मी सांगितलं. त्यानं पेडलवरचा पाय काढला. बायकोनं सूप खाली ठेवलं. तो म्हणाला, “मागच्या साली बारीक झाल्यागत वाटत हुत्या. मी म्हटलं बी. म्हणाल्या, डायेट चाललंय.”

तू दरवर्षी तिथं जात होतीस. मला सांगायचीस, नेसरीला जाऊन येते. नेसरीहून पुढं चंदगडला जात होतीस. ते काजूचं यंत्र बाजारातलंच, पण त्याचं पेडल डाव्या पायाचं होतं, म्हणून तू स्वतः माप घेऊन, गडहिंग्लजच्या वेल्डरकडून ते उजवीकडं घेतलंस आणि पाती हळू टेकतील असा एक अडसर बसवलास. तुकारामनं मला ते चालवून दाखवलं. “गर फुटत न्हाय बघा. आसपासचे समदे बघायला येत्यात.” मी वाकून बघितलं. पाती टेकत होती, आपटत नव्हती.

बायकोनं चहा आणला. तो म्हणाला, “तुमी पयल्यांदाच आलासा.”

“हो.”

“ताई आल्या की पयलं पाय बघायच्या. मग हात जोडायच्या. म्हणायच्या, चूक माझी हाय तुकाराम, सही मी केली. मी म्हणायचो, असू द्या वो आता. पर दरसाली तेच.”

मग मी त्याला सांगितलं. पिन, कडी, प्ले हे त्याला समजवावं लागलं नाही, ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. शनिवारचं सांगितलं, टोक दिसल्याचं, ते पुसल्याचं. सांगताना त्याच्या गुडघ्याकडं बघायचं टाळत होतो, मग बघितलं.

तो चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं, आणि ते त्याच्या लक्षात आलं असावं.

“ताईंना ठावं हुतं?”

“नाही.”

“सांगितला न्हाईसा त्यांस्नी?”

“नाही.”

“इतक्या वर्सात?”

“नाही.”

त्यानं एक काजू पात्यांत धरला, पेडल दाबलं, गर काढून बायकोच्या सुपात टाकला. आणखी एक फोडला.

“माझा पाय गेला, त्येचं मी बघून घेतलं,” तो म्हणाला. “त्येचं वझं वाहिलं ताईंनी. माझ्यासमोर येऊन मान खाली घालायच्या, ते तुमच्यापायी. मला काय सांगतासा साहेब? त्यांस्नी सांगा.”

“आता कसं सांगू?”

“ते मला म्हाईत न्हाय. पर सांगा.”

त्याच्या बायकोनं पिशवीभर काजू दिले, तुझ्या घरी द्यायला. ते काल प्रदीपकडं पोचवले आणि त्यालाही सगळं सांगितलं. तो पिशवी हातात घेऊन दारात उभा राहिला, मग आत गेला. त्यानं दार लावलं नाही, पण मला आत ये असंही म्हणाला नाही. सोमवारी मालकांकडं जाणार आहे.

तू ज्या गोष्टीसाठी दरवर्षी चंदगडला जाऊन हात जोडत होतीस, ती तू केलेली नव्हतीस. तू मला बघायला सांगितलं होतंस. मी बघितलं होतं, आणि तुला नाही म्हणून सांगितलं. तू माझ्या शब्दावर सही केलीस.

चूक तुझी नव्हती, सुजाता. माझी होती.